फूल कुठल्या काडीवर येते

आमच्या घरी मोगरा छाटत नसत, भादरत असत. शब्द सासूबाईंचा. लग्न होऊन मी वेंगुर्ले तालुक्यातल्या या घरी आले, त्यानंतरची पहिलीच संक्रांत होती. हळदीकुंकवाला बायका यायच्या म्हणून अंगण सारवून झाले होते, आणि आदल्या दिवशी दुपारी सासूबाईंनी कोयती घेऊन विहिरीजवळची मोगऱ्याची पाचही झुडपे गुडघ्याइतकी खाली आणली. माझ्या माहेरी, घाटावर, संक्रांतीला दाराशी रांगोळी असे; इथे दाराशी पाच खुंट उभे होते आणि त्यांची लाज कोणालाच वाटत नव्हती. आलेल्या बायकांपैकी एकीने तर त्यांच्याकडे समाधानाने पाहून विचारले, "भादरलात?" आणि सासूबाई म्हणाल्या, "उशीरच झाला."

तो उशीर कसला, हे मला होळीच्या सुमारास कळले. खुंटांवर आधी तांबूस, मग पोपटी फूट आली, प्रत्येक नव्या काडीच्या शेंड्याला तीन-तीन कळ्यांचे झुबके लागले आणि झुबक्यातली मधली कळी आधी मोठी होऊ लागली. चैत्रात संध्याकाळी पाचच्या सुमारास परडी घेऊन बसले की ती टपोरी मधली कळी खुडायची, बाजूच्या दोन उद्यापरवासाठी ठेवायच्या, असा क्रम असे. ज्या घरी मोगरा नुसताच वाढू दिलेला होता, तिथे झुडूप आमच्यापेक्षा दुप्पट मोठे आणि फुले मोजून पाच-सात.

कारण साधे आहे. मोगऱ्याचे फूल नव्या फुटीवर येते. जुन्या काडीला जितके डोळे, म्हणजे पेरांवरचे अंकुर, फुटतील तितके नवे शेंडे, आणि जितके शेंडे तितके झुबके. शेंड्यावरचा डोळा जोवर शाबूत असतो तोवर तो ऑक्झिन नावाचे द्रव्य खाली सोडत राहतो आणि त्यामुळे खालच्या पेरांवरचे डोळे निजून राहतात. शेंडा उडवला की हा धाक संपतो आणि पेरापेरातून फुटवे येतात. सासूबाईंना ऑक्झिन ठाऊक नव्हते, पण छाटणीच्या आधी आठ-दहा दिवस मोगऱ्याचे पाणी तोडायचे, छाटल्यावर उरलीसुरली पाने ओरबाडून काढायची, आळे खणून मुळांच्या वरच्या मातीला चार दिवस ऊन द्यायचे आणि मग प्रत्येक झुडपाला दोन घमेली कुजलेले शेणखत घालून, वर आंब्याफणसाचा पातेरा पसरून पाणी सुरू करायचे, हा सगळा क्रम त्यांना चुकायचा नाही. झाडाला आधी ताण द्यायचा आणि मग अचानक लाड करायचे, म्हणजे ते एकदम, सगळीकडून फुटते. पहिला बहर ओसरला की फुललेले शेंडे दोन पेरे खाली खुडायचे. महिना-सव्वा महिन्यात दुसरा बहर येतो. तिसरा येईपर्यंत मिरग लागतो आणि पावसात मोगऱ्याच्या कळ्या तपकिरी पडून गळतात, तेव्हा त्याचा मोह धरू नये.

सासूबाई गेल्या त्या वर्षीच्या जानेवारीत मी शाळेतून निवृत्त झालेली होते, हाताशी वेळ होता आणि नवा कोरा सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, होता. माझ्या मनात नियम असा बसलेला होता की संक्रांत म्हणजे छाटणी. मी मोगरा भादरला, जास्वंद भादरली आणि त्याच ओघात न्हाणीच्या मागे असलेला अनंतही वरून फूटभर सारखा करून टाकला. अनंत वेडावाकडा वाढला होता, त्याला आकार आला. शेजारणीने कौतुकही केले.

अनंताची कळी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना मी काय गमावले ते कळेल. ती कळी सरळ नसते, समईच्या वातीसारखी पिळलेली असते. हिरव्या पिळातून पांढरा पीळ वर सरकू लागतो आणि एका रात्रीत तो पीळ सुटून दुधासारखे फूल होते. दुसऱ्या दिवशी ते हस्तिदंती होते, तिसऱ्या दिवशी पिवळे. वळवाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर न्हाणीच्या खिडकीतून येणारा तो वास या घरातला मे महिन्याचा शेवट असे. त्या वर्षी मे संपला, मिरग गेला, आषाढ लागला, अनंत हिरवागार, तुकतुकीत, आणि त्यावर एकही कळी नाही. पार आतल्या बाजूला, माझा सिकेटर जिथे पोचला नव्हता तिथल्या एका फांदीवर दोन फुले आली, तीच काय ती साक्ष.

मी खताला दोष दिला, मग पाण्याला, मग विहिरीचे पाणी मचूळ झाले असेल म्हणून समुद्रालाही दिला. दोष माझ्या हाताचा होता हे लक्षात यायला आणखी एक वर्ष जावे लागले. अनंताच्या कळ्यांची तयारी आदल्या पावसाळ्यानंतर पक्व झालेल्या काड्यांच्या टोकांना होते. मी जानेवारीत जो फूटभर आकार दिला, तो फूटभर म्हणजेच येत्या हंगामाची सगळी फुले होती, जी अजून दिसत नव्हती इतकेच. अनंत छाटायचाच तर फुले संपल्याबरोबर, म्हणजे आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात पावसाची उघडीप साधून, आणि तोही हात राखून.

एवढी शिकवणी पदरात पडलेली होती म्हणून भाचीच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले. एरवी ज्या झाडाला मी कधी हातही लावलेला नाही, त्याच्याविषयी बोलण्याचे धाडस मी केले नसते.

भाची अमेरिकेत बॉस्टनजवळ राहते. तिने जुलैत एक जुने घर घेतले, त्याच्या कुंपणालगत लायलॅकची दोन मोठी झुडपे होती. घर ताब्यात आले तेव्हा त्यांचा बहर होऊन गेलेला होता. ऑक्टोबरात तिकडे पानगळ सुरू होते, लोक बागा आवरतात, त्यात आपली दिवाळी. साफसफाईच्या भरात या मुलीने दोन्ही झुडपे वरून कुंपणाच्या उंचीला अगदी छान सारखी कापून घेतली. मे महिन्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंगणात जांभळे झुपके डोलत होते आणि हिच्याकडे नुसती पाने. तिने व्हिडिओ कॉलवर फोन फिरवून मला ते झुडूप दाखवले आणि विचारले, "मावशी, मेलंय का गं हे?" मेले कसले, चांगले फोफावलेले होते. मी तिला म्हटले, जरा आत, खाली बघ, एखादे फूल आहे का. होते. बुंध्याजवळ, कात्री पोचली नव्हती तिथे, दोन लहान तुरे होते. मला माझा अनंत आठवला.

त्यानंतर मी लायलॅकच्या मागे लागले, ते आजतागायत. शास्त्रीय नाव सिरिंगा वल्गॅरिस. मूळचे बाल्कन प्रदेशातल्या खडकाळ टेकड्यांवरचे. सोळाव्या शतकात इस्तंबूलच्या बागांतून व्हिएन्नाला गेले आणि तिथून युरोपभर पसरले. सिरिंगा म्हणजे ग्रीकमध्ये नळी, कारण या झाडाच्या काड्यांमधला मऊ गर काढून टाकला की पोकळ नळी मिळते. पण मला हरखून जायला झाले ते दुसऱ्या नावाने. लायलॅक हा शब्द फ्रेंच, स्पॅनिश, अरबी असा मागे मागे नेला तर फारसी नीलक, म्हणजे निळसर, या शब्दाशी पोचतो आणि त्याच्याही मागे आपला नील उभा असतो. साता समुद्रापलीकडच्या कुंपणावर फुलणाऱ्या झुडपाच्या नावात आपल्या घरातली नीळ आहे. आणि नाते शब्दापुरतेच नाही. मोगरा, जाई, जुई, पारिजातक, ऑलिव्ह आणि लायलॅक ही सगळी ओलिएसी या एकाच कुळातली. भाचीने लायलॅकची डहाळी कॅमेऱ्याजवळ धरली तेव्हा मोगऱ्यासारखीच समोरासमोर जोडीने आलेली पाने मी ओळखली, आणि त्या लांब तुऱ्यातले एक-एक फूल म्हणजे नळीवर बसवलेल्या चार पाकळ्या.

मात्र एका कुळात जन्मले म्हणून दोघांचे वळण एक होत नाही. मोगरा फूट येते त्याच हंगामात त्या फुटीवर फुलतो. लायलॅक जुन्या काडीवर फुलतो, म्हणजे यंदाच्या मे महिन्यातली फुले गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात काडीच्या टोकाशी तयार होऊन बसलेली असतात. बहर संपतो तेव्हा सुकलेल्या तुऱ्याच्या लगेच खालून दोन कोंब निघतात; ते वाढतात, आणि मधल्या उन्हाळ्यातच, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, त्यांच्या शेंड्यांवर पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे धरले जातात. मग पाने गळतात, बर्फ पडते, आणि ते डोळे घट्ट खवल्यांच्या आत गप्प बसून राहतात. म्हणून लायलॅकची छाटणी बहर ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत करायची असते. जुलै उजाडल्यावर कात्री लावली की पुढल्या वर्षीची फुले कापली जातात, आणि ऑक्टोबरात लावली तर सगळीच. माझ्या भाचीने झाडाचा आकार नीट केला नव्हता, तिने येणारा मे महिना कापून कचऱ्याच्या पिशवीत भरला होता.

हे तिला समजावताना मला सर्वांत उपयोगी पडली ती दिंडोरीकडच्या माझ्या व्याह्यांची द्राक्षबाग. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या असतात हे नाशिककडे पोराटोरांनाही ठाऊक असते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणीत वेल जवळजवळ बोडका करतात, आणि त्यानंतर जी नवी काडी येते तिच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच पुढल्या हंगामाचे घड आकार घेऊ लागतात. त्याला तिकडे सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नाही. व्याही डोळा उभा चिरून भिंगाखाली बघायला पाठवतात, त्यात घड आहे का नाही आणि कितव्या डोळ्यात आहे हे कळले की ऑक्टोबरात काडी किती डोळ्यांवर कापायची ते ठरते. द्राक्षबागायतदाराला पैसा अडकलेला असतो म्हणून तो भिंग लावतो. आपण फुलझाडवाले आळशी. आपल्याला निदान झाड केव्हा आणि कुठे फुलले याची वहीत एक ओळ लिहून ठेवायला काय हरकत आहे?

भाचीच्या जवळच्या बॉस्टन शहरातल्या आर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात लायलॅकचा मोठा संग्रह आहे आणि 1908 सालापासून तिथे मे महिन्यातल्या एका रविवारी लायलॅक पाहायला लोक जमतात. मी तिला म्हटले, या रविवारी तिथे जा आणि फुलांकडे बघू नकोस, बुंध्याकडे बघ. ती गेली. आणि फोटो पाठवले ते खरोखरच बुंध्यांचे.

जुन्या लायलॅकची गोष्ट बुंध्यातच असते. हे झाड एका खोडाचे नाही, जमिनीतून निघालेल्या अनेक बुंध्यांचे ते बेट असते, आपल्याकडे बांबूचे असते तसे. बुंधा म्हातारा होत जातो, मनगटाहून जाड होतो, फुले उंच उंच, हाताला आणि नाकाला न लागणाऱ्या टोकावर जातात आणि खालचा भाग भुंडा राहतो. अशा झाडाला वरून सपाट करणे हा शुद्ध अडाणीपणा. करायचे असते ते हे, की बुंधे मोजायचे, त्यांतले सर्वांत जाड आणि म्हातारे असे एक-तृतीयांश जमिनीलगत कापून काढायचे, बाकीचे दोन-तृतीयांश तसेच ठेवायचे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा एक-तृतीयांश. तीन वर्षांत सबंध झाड तरुण होते आणि मधल्या एकाही मे महिन्यात ते पूर्ण मुके राहत नाही. तळातून निघणारे सगळे कोंब ठेवू नयेत. पेन्सिलीएवढे जाड, सरळ आणि एकमेकांपासून अंतरावर असलेले चार-सहा ठेवून बाकीचे मुळाशी काढावेत, कारण म्हाताऱ्यांची जागा यांनीच घ्यायची असते. झाड कलमी असेल तर मात्र कोंब कलमाच्या जोडाच्या खालून आलेले नाहीत ना ते बघावे. खुंटाचे कोंब फोफावतात आणि वरचे झाड मागे पडते, हे हापूसच्या कलमावर रायवळ माजलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. फुलून सुकलेले तुरे काढताना कात्री तुऱ्याच्या देठावर चालवायची, खालच्या दोन कोवळ्या कोंबांना धक्का लागता कामा नये. ते दोन कोंब म्हणजेच पुढचा मे.

आणखी एक मार्ग आहे तो धीटांचा. सगळे झुडूप जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून एकदम कापायचे. ते पुन्हा येते, पण फुलायला साधारण तीन वर्षे घेते. आपल्याकडे जुन्या, उंच, माकडांखेरीज कोणाच्या उपयोगाच्या न राहिलेल्या आंबाबागांचे पुनरुज्जीवनही अशाच जबर छाटणीने करतात, फक्त तिथे काप जमिनीलगत नसतो, वर असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची त्यासाठी शिफारस आहे आणि बागायतदार ती ऐकून घेतो, मान डोलावतो आणि घरी जाऊन कोयता खुंटीला लावतो. दोन-तीन मोहोर हातचे घालवायची छाती नसते. मला त्यात भित्रेपणा दिसत नाही. पोट ज्या झाडावर आहे ते झाड असे कापायला दुसऱ्याने सांगणे सोपे असते. पण लायलॅकवर कोणाचे पोट नाही, तरीही मी भाचीला एक-तृतीयांशाचाच मार्ग सांगितला. तिचे ते पहिले घर आहे; तीन मे महिने फुलाविना काढायला लावणे जिवावर आले.

आणि तिची चूक एका अर्थाने पथ्यावर पडली होती. यंदा फुले नव्हतीच, तेव्हा म्हातारे बुंधे काढायला याच्याइतकी बिनतोट्याची वेळ नव्हती. मे संपता संपता तिने एका झुडपाचे बारा बुंधे मोजले आणि चार काढले. दुसऱ्या झुडपाचे नऊ होते, त्यातले तीन. हातकरवतीने एक एक कापायला तिला सबंध शनिवार लागला. कापलेल्या बुंध्याचा लाकडाचा रंग आत जांभळट आहे असे ती म्हणाली आणि एक चकती तिने ठेवून दिली आहे.

इथे कोणीतरी विचारील, म्हणून सांगून टाकते: लायलॅक कोकणात लावू नये. त्याला हिवाळ्याची झोप लागते. बहुतेक जातींना सात अंशांच्या खालचे हजारभर तास तरी मिळाल्याशिवाय त्यांचे डोळे उमलत नाहीत, आणि आमच्याकडे पौषातल्या पहाटेही पारा सात अंशांच्या जवळ फिरकत नाही. शिवाय त्याला चुन्याची, पाणी न धरणारी जमीन आवडते. आमची जांभ्याची माती आंबट, आणि वर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कॅलिफोर्नियात कमी थंडीत फुलणाऱ्या काही जाती तयार केल्या गेल्या, त्यांनाही थोडी तरी थंडी लागतेच. रोपवाटिकेत कोणी लायलॅक म्हणून रोप हातात दिले तर ते दुसरेच काहीतरी असण्याचा संभव जास्त. कोकणात लायलॅकची हौस अनंतावर भागवावी.

किंवा सुरंगीवर. जुन्या लाकडावर फुलणे म्हणजे काय हे बघायचे असेल तर फाल्गुनात आमच्या तालुक्यात यावे. सुरंगीचे फूल शेंड्यावर येत नाही, नव्या फुटीवरही येत नाही. ते येते जुन्या फांदीच्या, पाने कधीच गळून गेलेल्या भागावर, जिथे गाठी असतात तिथे, गुच्छागुच्छाने. फांदीला फुले चिकटवून ठेवली आहेत असे दिसते. पहाटे झाडाखाली धोतरे, साड्या पसरतात, फांद्या हलवतात, आणि त्याच फुलांचे वळेसार, म्हणजे गजरे, दुपारी बाजारात येतात. त्या वासाचे वर्णन मी करणार नाही, ते जमत नाही.

आमच्या परसात सुरंगीचे एक झाड आहे. त्याच्या खालच्या फांद्या कौलांवर घासत होत्या, म्हणून नारळ काढायला आलेल्या पाडेल्याला मी म्हटले, माडावरून उतरलास की तेवढ्या फांद्यांच्या बाजूच्या बारीकसारीक गाठी तासून जरा साफसूफ करून दे. तो वर बघत उभा राहिला. मग त्याने कोयता आकडीत परत अडकवला आणि मला झाडाजवळ बोलावले. फांदीवरच्या ओबडधोबड गाठींवर त्याने अंगठा फिरवला. "बाईनू, ह्यो गाठी दिसतत मां? फुला हयसरच येतत. दर वर्सा हयसरच. ह्यो तासल्यात तर सुरंग गेली." मी विचारले, मग कौलांचे काय? तो म्हणाला, "कौला बदलूक येतत." फांदी काढायचीच तर ती बुंध्यापासून पूर्ण काढायची, अर्धवट सोलून, तासून ठेवायची नाही, असे त्याने सांगितले आणि शेवटी एकच फांदी काढली. मी चाळीस वर्षे शाळेत शिकवले, पण खोडावर अंगठा फिरवून फूल कुठे येणार ते दाखवणारा हा माणूस माझ्यापेक्षा चांगला शिक्षक आहे.

आता थोडे हाताच्या कामाविषयी, कारण वेळ बरोबर साधूनही काप वाईट असला तर झाड सोसते. गुलाब आणि जास्वंद यांची पाने एकाआड एक असतात, त्यांना बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा-पाऊण सेंटिमीटर वर तिरका काप द्यायचा, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. मोगरा, अनंत आणि लायलॅक यांचे डोळे समोरासमोर असतात. तिथे तिरका काप दिला की एक डोळा उघडा पडतो आणि दुसऱ्यावर खुंट राहतो, म्हणून तिथे काप आडवा, सरळ, जोडीच्या जरा वर. फार वर दिला तर राहिलेला खुंट वाळतो आणि वाळवण खाली उतरत जाते. सिकेटरची धारेची बाजू राहणाऱ्या काडीकडे ठेवायची. उलटी धरली की दुसरी, बोथट बाजू राहणाऱ्या काडीला चेपते. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने आठ दिवसांत सिकेटरच्या स्प्रिंगला गंज धरतो, तेव्हा काम झाले की पाते पुसून त्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवून ठेवावे. एका रोगट झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना स्पिरिटचा बोळा फिरवावा, एवढे पुरे.

पेन्सिलीहून जाड काप असेल आणि दिवस दमट असतील तर मी कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावते. सुपारीवाल्या घरांतून हे ज्ञान जन्मापासून असते, मला शिकावे लागले. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही वेगवेगळे, आणि भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची. लोखंडी बादलीत केले की मोरचुदाचे तांबे बादलीला जाते. मग दोन्ही एकत्र ओतून ढवळायचे. आकाशी रंगाचा दाटसर घोल होतो. त्यात विळीचे स्वच्छ पाते क्षणभर बुडवून बाहेर काढायचे. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला आहे, आणखी घालायचा. पहिल्यांदा माझे पाते असे तांबडे झाले तेव्हा मी घाबरून सगळे ओतून देणार होते. पेस्ट त्याच दिवशी वापरावी, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

पारिजातकाविषयी एक-दोन ओळी, कारण त्याच्याकडे कोणी कात्री घेऊन जातच नाही, पुराणातले झाड म्हणून. तो पावसाळ्यात आलेल्या नव्या फुटीच्या टोकांना फुलतो, म्हणून फाल्गुनात तो खुशाल अर्ध्यावर आणावा. भाद्रपदात सडा दुप्पट पडतो. आंब्याचे उलट आहे. मोहोर पक्व काडीच्या शेंड्यातून येतो, तेव्हा कार्तिकात विजेच्या तारेला लागतात म्हणून शेंडे उडवले की त्या फांदीपुरता आंबा गेला असे समजावे.

गेल्या दिवाळीत भाचीचा फोन आला तेव्हा तिच्याकडे सकाळ होती आणि मागे पानगळीने पिवळे पडलेले अंगण दिसत होते. शेजारी कोणाचे तरी पाने उडवायचे यंत्र भुणभुणत होते. तिने फोन लायलॅकच्या फांदीला अगदी चिकटवून धरला. पाने जवळजवळ संपली होती, आणि काडीच्या टोकाला दोन डोळे जोडीने बसले होते, हिरवट तपकिरी, खवल्या-खवल्यांचे, वाटाण्याहून जरा लहान, टच्च फुगलेले. त्याच काडीवर खाली बघ म्हटले, तर तिथले डोळे बारीक, टोकदार, काडीला चिकटलेले, ते पानांचे. तिने अंगठा आणि तर्जनी त्या फुगीर जोडीभोवती धरली, पण हात लावला नाही. मग तिने ती काडी सोडली आणि पुढची धरली, मग त्याच्या पुढची. एकवीस टोके मोजली, त्यातल्या सोळांवर जाड डोळे होते.

"बाकीचं अंगण आवरून झालं," ती म्हणाली. "आता हे एवढंच राहिलंय. वरच्या दोन फांद्या जरा बाहेर आल्यात गं."

कात्री कुठे आहे, असे मी विचारले.

"गॅरेजात. वरच्या फळीवर."

"खुर्ची घेतल्याशिवाय हात पोचतो का तिथे?"

"नाही."

"मग ठीक आहे," मी म्हटले, आणि आम्ही चकलीच्या भाजणीविषयी बोलू लागलो.